मुक्कामाचा रकाना

सोमवार, ४ मार्च

नव्या कामाचा पहिला दिवस. मला एक टेबल, एक डुगडुगती खुर्ची आणि सहा कपाटं भरून माती मिळाली. नैसर्गिक संपत्ती विभागाच्या या कार्यालयात रिकामी खोली नाही, म्हणून मातीचे नमुने ठेवतात त्याच खोलीत माझी सोय लावली आहे. चारी बाजूंनी बाटल्या आणि त्यांत लाल, काळी, राखाडी, पिवळी माती. नाकाला दिवसभर हुळहुळ.

काम मात्र मनासारखं आहे. जंगल, माती आणि पाणी यांचे जे तज्ज्ञ इथे नोकरीला आहेत, त्यांचा अहवाल करायचा. वय किती, बाया किती, पुरुष किती, कुणाला किती पगार, कोण कधी निवृत्त होणार. साहेब म्हणाले, "आम्ही झाडं मोजतो, तुम्ही आम्हाला मोजा," आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसले. ते स्वतः जूनमध्ये निवृत्त होणार आहेत, त्यामुळे सध्या त्यांना सगळ्याचंच हसू येतं. दुपारपर्यंत माझं नाव आकडेबाई पडलं होतं.

तीन महिन्यांचं काम, म्हणून आईबाबांकडेच राहते आहे. शिक्षणासाठी घर सोडल्यापासून सलग इतके दिवस राहायची ही पहिलीच वेळ. बाबा याच विभागातून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना माझं कोण कौतुक! घरात काही बदललेलं नाही. आई अजूनही स्वयंपाकघरातून ओरडते, "दूध दोन!" बाबा पिशवी घेता घेता म्हणतात, "दूध दोन," आणि मगच बाहेर पडतात. "मागचं दार!" "मागचं दार." लहानपणी मैत्रिणी या प्रकाराला हसायच्या. मला वाटायचं, सगळ्यांचे आईबाप असेच बोलतात.

शुक्रवार, ८ मार्च

आकडे लावले आणि आकड्यांनी कोडं घातलं.

अठ्ठावीस तज्ज्ञ. सरासरी वय पन्नाशीच्या पुढे. म्हणजे आणखी आठ-दहा वर्षांनी या जिन्यावर चढणारं फारसं कुणी उरणार नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. गेल्या वीस वर्षांत भरती झालेल्यांत बाया जवळजवळ निम्म्या होत्या. आज उरल्यात सहा. पुरुष आले की निवृत्तीपर्यंत टिकतात, बाया सहा-सात वर्षांत सोडून जातात. ज्या राहिल्यात त्या पगाराच्या दोन-तीन पायऱ्या खाली आहेत, शिक्षण तेच असून.

का? लग्न, मुलं, बदली? प्रत्येक उत्तर लावून पाहिलं. प्रत्येक वेळी थोडं जुळतं आणि बरंच उरतं. असं काही उरलं की मला जेवण जात नाही. आईने विचारलं, "काय गं, ताटात आकडे शोधतेस का?"

रविवार, १० मार्च

संध्याकाळी तिघं फिरायला गेलो. बाबांच्या जुन्या गोष्टी सुरू झाल्या. मला त्या पाठ आहेत, तरी आवडतात. एका तंबूत सात जण. अंथरुणात पाणी. सकाळी बुटात बेडूक. आई मधूनमधून दुरुस्त्या करत होती. "ओढा उजवीकडे नव्हता हो, डावीकडे होता." "बेडूक नव्हता, खेकडा होता." ऐकून ऐकून तिला बाबांच्या गोष्टी बाबांपेक्षा जास्त पाठ झाल्यात!

मग दोघांचं कसं जुळलं ती गोष्ट. बाबांना जंगलात ताप भरला, ते दुधाच्या गाडीने शहरात परत निघाले, गाडीत कॅनांच्या मध्ये आई बसलेली. बाबा म्हणतात, "मी अर्धा बेशुद्ध होतो, म्हणून फसलो." आई म्हणते, "मी शुद्धीत होते, माझं काय ते बघा."

दवाखान्याच्या आवारात एक जुनं झाड आहे. आईने जाता जाता त्याला चक्क मिठी मारली. मी इकडेतिकडे बघितलं, लोक बघत होते. "दीड कव, थोडी कमी," ती म्हणाली. मग हात झटकत मला सांगायला लागली, "घेर छातीच्या उंचीला घ्यायचा असतो. पुरुषाच्या छातीच्या, बरं का. माझ्या ती गळ्याशी येते." बाबांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर माणसाला काय काय येतं! बाबा पुढे चालू लागले.

मंगळवार, १२ मार्च

कोडं सुटलं, निदान मला तरी तसं वाटतंय. नोंदींत एक रकाना आहे, क्षेत्रकामाचा. वर्षाला ठरावीक दिवस क्षेत्रकाम झालं की पगाराची वरची पायरी मिळते, आणि विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठीही तेच बघतात. सगळ्या बायांचा तो रकाना जवळजवळ कोरा! पुरुषांचा भरगच्च. म्हणजे बाया बाहेर जातच नाहीत. मसुद्यात वाक्य लिहिलं: "महिला तज्ज्ञांचा कल कार्यालयीन कामाकडे असल्याचे दिसते." वाक्य नीट बसलं. मसुदा साहेबांना दिला, त्यांनी सगळ्यांना वाचायला दिला.

गुरुवार, १४ मार्च

आज मातीवाल्या बाई माझ्या खोलीत आल्या. ही खोली खरं तर त्यांचीच आहे, बाटल्याही त्यांच्याच. वय चाळिशीच्या आतबाहेर, आवाज अगदी शांत. मसुदा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझा कल कुठे आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "आकडे सांगतात."

"आकड्यांना बूट असतात का हो?"

त्या मला जिन्याखाली घेऊन गेल्या. तिथे सगळ्यांचे रानात जायचे बूट ओळीने ठेवलेले असतात. मी रोज तिथूनच जाते, पण कधी वाकून बघितलं नव्हतं. त्यांनी एकेक जोड उलटा केला. जंगलवाल्या दोघांचे तळवे बरेच शाबूत. मातीवाल्या बाईंचे झिजून गुळगुळीत, एकाला ठिगळ. पाणी मोजणाऱ्या मुलीचेही तसेच. माझ्या तक्त्यात या दोघी वर्षभर खुर्चीत बसलेल्या आहेत.

"या सगळ्या बाटल्या काय पोस्टाने आल्या?" त्यांनी विचारलं.

कान गरम झाले. दहा दिवस त्या मातीत बसून शिंकतेय आणि ती कुणी आणली हा प्रश्नही मला पडला नाही. वर स्वतःला चौकस म्हणवते!

जाताना त्यांनी सहज सांगितलं, की घरं बांधणाऱ्या एका कंपनीने त्यांना बोलावलंय. पायाखालची माती तपासायची, पगार इथल्यापेक्षा बराच. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. "साहेबांची खुर्ची मला मिळणार नाही, कारण माझा रकाना कोरा आहे. मग इथे कुणासाठी थांबू?"

मंगळवार, १९ मार्च

आज त्यांच्याबरोबर रानात गेले. पाय अजून ठणकताहेत, पण झोपण्याआधी हे लिहायलाच हवं.

उजाडायच्या आत निघालो. गाडीवाले मामा, बाई आणि मी. दीड तासात पोचलो. बाई लांब दांड्याचं गिरमिट जमिनीत फिरवतात, वर आलेली माती तळहातावर थोडी ओली करतात, अंगठा आणि बोटामध्ये दाबून तिची पट्टी काढतात. पट्टी लांब झाली की चिकण, लगेच तुटली की रेताड. मीही करून पाहिलं. माझ्या पट्टीचे तुकडेच पडले. बाई म्हणाल्या, "जमेल. मलाही वर्ष लागलं."

मग एक गोष्ट दिसली. बाई खड्ड्याशी ओणव्या होऊन खोली आणि मातीची जात ओरडून सांगायच्या, "साठ! चिकण!" गाडीजवळ पाटी धरून उभे असलेले मामा म्हणायचे, "साठ, चिकण," आणि लिहायचे. एकदा मामांचं लक्ष नव्हतं, तर बाई तशाच थांबून राहिल्या. पुढचा आकडा देईनात.

"परत कशाला म्हणायचं?" मी विचारलं.

"वाऱ्यात ऐकायला चुकतं. मोजणारा ओरडतो, लिहिणारा परत म्हणतो. मग मोजणाऱ्याला कळतं की बरोबर उतरलं. जुनी पद्धत आहे."

मला हसूच फुटलं. म्हणजे "दूध दोन" इथून आलं तर! बाबांनी खात्याची सवय घरी आणली आणि आईलाही लावली. घरी गेल्यावर चिडवायला हवं.

अंधार पडायच्या आत परतलो. बाईंची मुलगी पाच वर्षांची आहे, शेजारच्या काकू तिला संध्याकाळपर्यंतच सांभाळतात. वाटेत विश्रामगृह लागलं. जंगलवाले दोघं व्हरांड्यात पत्ते खेळत बसले होते. त्यांनी हात केला. "तुम्ही नाही येत?" मी विचारलं. "मुक्काम आहे आमचा," ते म्हणाले. घरापासून दीड तासावर मुक्काम कशाला, असं मी म्हटलं, तर मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

बुधवार, २० मार्च

आज नियमांची फाईल काढून अट वाचली. आधीच वाचायला हवी होती. "क्षेत्रकाम म्हणजे ज्या दिवशी कर्मचारी मुख्यालयाबाहेर मुक्काम करील, तो दिवस."

बस, एवढंच. माती कितीही उकरा, संध्याकाळी घरी परतलात की तो दिवस कार्यालयाचा. दुपारी विश्रामगृहात पोचा, जेवा, झोपा, तो दिवस क्षेत्राचा. म्हणजे इतकी वर्षं हा विभाग काम मोजतच नव्हता, झोप मोजत होता! आणि मी त्या झोपेवरून बायांचा कल काढला.

साहेबांकडे गेले. ते आज हसले नाहीत. "अट मला ठाऊक आहे हो. पण मला ती बदलता येत नाही. वर पाठवायचं तर वरचे म्हणणार, जुन्या लोकांनी विचार करूनच घातली असेल. त्यांच्यापैकीच कुणी चुकलं म्हणून सांगितलं, तर ऐकतील."

"त्यांच्यापैकी आहे का कुणी?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "घरी विचारून बघा," ते म्हणाले.

शुक्रवार, २२ मार्च

दोन दिवस विचारलं नाही. जमलंच नाही. बाबा किती खुशीत असतात, रोज विचारतात, अहवाल कुठवर आला. "पगाराच्या पायऱ्यांबद्दल लिहिशील ना? ते आम्ही भांडून मिळवलंय." हे ते पहिल्या आठवड्यापासून सांगताहेत. मी मान डोलावत होते. आई अशा वेळी गॅस बंद करायला म्हणून आत जाते. आज मी मुद्दाम मागून डोकावले. गॅस बंदच होता.

रविवार, २४ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी चहा झाल्यावर मी बाबांना अट वाचून दाखवू लागले. मी "ज्या दिवशी" म्हटलं आणि पुढचं वाक्य त्यांनीच पूर्ण केलं, न अडखळता. मग म्हणाले, "ते वाक्य माझं आहे. समितीत मी सगळ्यांत लहान, पण अक्षर चांगलं, म्हणून मीच लिहिलं."

मी म्हटलं, "बाबा, ते वाक्य चुकीचं आहे."

ते चिडले. माझ्यावर आयुष्यात फार कमी वेळा चिडलेत. "चुकीचं? आम्ही तंबूत भिजायचो, तापाने फणफणायचो, आणि इकडे पंख्याखाली बसणाऱ्यालाही तेवढाच पगार! रस्ता नव्हता, गाडी नव्हती. जो रानात गेला तो रात्री तिथेच राहायचा. मग दुसरं काय मोजायचं होतं आम्ही?"

त्यांचं बरोबर होतं. तेव्हाचं बरोबर होतं.

आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आणि ज्यांना तंबूच नव्हता, त्यांनी काय करायचं होतं?"

मी विचारलं, "कुणाला नव्हता?"

"मला."

मग तिने सांगितलं. ती मोजणीला होती. वनस्पतीशास्त्र शिकलेली, हंगामी नेमणूक, बाबांच्याच तुकडीत. तंबू एकच, पुरुषांचा. बाईमाणसाची काही सोयच नव्हती. म्हणून ती रोज पहाटे रिकामे कॅन घेऊन जाणाऱ्या दुधाच्या गाडीने जंगलाच्या कडेपर्यंत जायची, दिवसभर झाडं मोजायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायची. असे दोन हंगाम. तिसऱ्या हंगामात, लग्न झाल्यावर, ही अट आली, आणि मुक्काम मोजून लोकांना कायम केलं. तिचा एकही मुक्काम नव्हता.

मी त्या दुधाच्या गाडीची गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल. आई त्या गाडीत काय करत होती, हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, ती बाबांना भेटायलाच बसली होती! मला स्वतःची लाज वाटली आणि आईचा रागही आला, की तिने इतकी वर्षं सांगितलं का नाही. तसं बोललेही.

"तू बाबांच्या गोष्टी मागायचीस," ती म्हणाली. "माझी कधी मागितली नाहीस. आणि तुला असं वाटू नये की तुझ्या बाबांनी मला घरी बसवलं. त्यांच्या डोक्यात आलं नाही, एवढंच. ठरावाला मी असते तर मीही हात वर केला असता. नंतर कायम झालेल्यांची नावं वाचून दाखवली तेव्हा कळलं."

बाबांनी कप बाजूला सारला. मग मला म्हणाले, "मोजायची ती. मी नुसता लिहायचो." पुढे जोडलं, "खाली सही लिहिणाऱ्याची असायची."

मी आईला विचारलं, "म्हणजे एकूण किती दिवस काम केलंस तू?"

"नोंदीप्रमाणे?" ती निवडलेली भाजी घेऊन उठली. "एकही दिवस नाही."

गुरुवार, २८ मार्च

बाबा आज माझ्याबरोबर कार्यालयात आले. इस्त्रीचा शर्ट, जुने रानातले बूट.

साहेब उठून उभे राहिले. बाबांनी आणलेला कागद समोर ठेवला. अक्षर अजून तसंच आहे. आम्ही अट घातली तेव्हा रस्ता नव्हता, आता आहे. तेव्हाही काही जण रोज परतत होते आणि त्यांना आम्ही विसरलो. काम जिथे झालं तो दिवस तिथला धरावा. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "काही जण म्हणजे कोण, असं वर विचारतील."

"माझी बायको," बाबा म्हणाले. "हवं तर तिलाच बोलवा. ती माझ्यापेक्षा नीट सांगेल."

साहेबांनी बाबांचा कागद आणि माझा नवा तक्ता आजच वर पाठवला, सोबत खुर्चीसाठी मातीवाल्या बाईंचं नाव सुचवून. नव्या तक्त्यात मी कामाची जागा मोजली आहे. त्यात सगळ्यांत जास्त दिवस रानात कुणाचे आहेत, ते बूट बघितलेल्या कुणालाही सांगता येईल. 'कल' असलेलं वाक्य काढून टाकलं.

बाबा जिन्याखाली थांबले, बाईंचे बूट हातात घेऊन तळवे बघितले. "ठिगळ बाहेरून लावू नका, आतून लावा, टिकतं," एवढंच त्यांना म्हणाले. बाई म्हणाल्या, "आतून लावते." लिहिणाऱ्यासारखं परत म्हणाल्या, सवयीने.

शनिवार, ३० मार्च

बाईंनी कंपनीला अजून होकार दिलेला नाही. जूनपर्यंत मुदत मागितली आणि कंपनीने लगेच दिली. "त्यांना माझी गरज आहे, म्हणून त्यांनी दिली," त्या म्हणाल्या. "इथल्यांना किती आहे, ते जूनमध्ये कळेल. तोवर निदान मोजले तरी जाईन." वरून उत्तर कधी येईल, कुणालाच माहीत नाही. साहेब म्हणतात, येईल. ते परत हसायला लागलेत.

मला काळजी वाटते. नुसतीच उत्सुकता असती तर बरं होतं.

रविवार, ३१ मार्च

कार्यालयातून मोजणीची फीत मागून आणली होती. संध्याकाळी फिरायला निघताना आईच्या हातात दिली. "हे कशाला?" म्हणाली, पण खिशात टाकली.

दवाखान्याच्या आवारात तिने आधी बुंध्यावर उंचीची खूण केली. खरंच, तिच्या गळ्याशी आली. मग फीत झाडामागून फिरवून घेतली, दोन ठिकाणी खाली घसरली होती ती सारखी केली, सालीचा पोपडा काढला. लोक बघत होते. बघू देत.

"दोनशे बारा!" आई ओरडली. मी अगदी शेजारी उभी होते, तरी रानात असल्यासारखी ओरडली.

मागून बाबांनी "दोनशे..." म्हटलं आणि थांबले. आई फीत तशीच ताणून धरून माझ्याकडे बघत होती. पुढे काही बोलेना.

"दोनशे बारा," मी म्हटलं.

"दीड कव, थोडी कमी. सांगितलं होतं," असं म्हणत तिने फीत सोडली.

घरी आल्याबरोबर इथे उतरवून ठेवते आहे. दवाखान्यातलं झाड, घेर दोनशे बारा. मोजणारी आई. लिहिणारी मी.